चाळीस अधिक वीस

कडबी चौकाजवळच्या त्या खोलीत
कूलर फिरतो, पण टाकी कोरडी.
लांजेवार सुभेदार फाईल उघडतात,
ओळीखाली बोट धरून वाचतात, हळू,
दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचावं तसं:
नाईक भीमदास निमगडे.
डावा पाय, घोट्यापासून. चाळीस टक्के.
उजवा कान. वीस.
एकत्रित: बावन्न.

मी इंदोऱ्याला सातवीला गणित शिकवते.
म्हटलं, साहेब, साठ होतात.

ते हसले नाहीत. पाकिटाच्या मागे चौकोन काढला.
"हा माणूस. शंभर धरा.
पाय गेला, चाळीस. राह्यला किती?"
साठ.
"आता कान गेला तो या साठातल्या माणसाचा.
साठाचे वीस टक्के, बारा.
चाळीस नि बारा.
जे उरते ना बाई, त्याच्यातूनच पुढचं जाते."

मग म्हणाले, बावन्न हातात पडत नाही,
पन्नास ओलांडले की पंचाहत्तर धरतात.
मी मनात वजाबाकी केली. तेवीस.

हे तेवीस टक्के माझ्या ओळखीचे आहेत.
रात्री दोननंतर ते गच्चीवर फेऱ्या मारतात.
लग्नात भिंतीला पाठ लावून जेवतात.
मुलीच्या वाढदिवसाला फुगा फुटला तेव्हा
जे पलंगाखाली गेलं, आणि बाहेर येऊन
"चप्पल शोधत होतो" म्हणालं, ते हेच.
कुठल्याच डॉक्टरने ते लिहिले नाहीत.
कुणीतरी गोळाबेरीज करताना
चुकून ते मोजले गेले.

"आता खरी गोष्ट," सुभेदार म्हणाले
आणि कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं.
तिथे लिहिलंय: अपघात. स्वतःच्या चुकीने वाट सोडली.
पगार चाळीस हजार धरा.
नोकरीचे अर्धे, वीस, ते कुठे जात नाहीत.
अपंगत्वाचे, या शब्दाने, नऊ हजार.
युद्धातली जखम लिहिलं असतं तर तीस.
पाय तोच. घोटा तोच.
एका शब्दाचे महिन्याला एकवीस हजार.
"सुरुंग आपलाच असला तरी चालते, सीमेवर होता ना.
फक्त वाट यांनी सोडली नव्हती,
पांढरी पट्टी चुकीची बांधली होती,
एवढं लिहून द्या. अपील करू."

पट्टी रतनचंदने बांधली होती.
रतनचंद पुढच्याच हिवाळ्यात गेला.
त्याची बायको दर दिवाळीला
चंब्याहून अक्रोडांची पिशवी पाठवते,
वर कापडावर शाईने आमचा पत्ता,
नागपूरचा 'ग' दरवेळी वेगळा.

मी भीमदासकडे पाहिलं.
बारा वर्षं मला वाटत होतं
हा माणूस खरंच वाट चुकला होता.

"काहून रे निमगडे, लिहितो का?"

तो उठला. आधी उजवा, मग तो दुसरा,
लाकडी जमिनीवर टक् असा.
कोपऱ्यातली बादली उचलली,
नळाखाली धरली, कूलरमागे गेला.
मी हिशेब करत बसले: एकवीस गुणिले बारा,
गुणिले बारा वर्षं. तीस लाख चोवीस हजार.
मुलीची फी. छताची गळती.
रतनचंदचं नाव, भागिले काही नाही.

कागदावर रकाना अजून रिकामा होता.
पेन सुभेदारांनी माझ्याकडे सरकवलं होतं,
जणू उत्तर मीच तपासणार.

टाकीत पाणी चढायला लागलं.
भरली की नाही ते कळावं म्हणून
त्याने वाकून पत्र्याला कान लावला,
डावा.